सुट्टीच्या दिवशी हाजरा फॉलला मेमूनेच जा

गणपतीत मुंबई–गोवा महामार्ग कसा तुंबतो, हे कोकण न पाहिलेल्यांनाही माहीत असतं. 1998 मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली आणि चाकरमान्यांना पर्याय मिळाला. आता रेल्वेचं तिकीट हाती आलं की त्यांची निम्मी चिंता मिटते. गोंदियाला समुद्र नाही, पण पावसाळ्यातल्या रविवारी आणि 15 ऑगस्टला सालेकसा तालुक्यातल्या हाजरा फॉलच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. इथे तर हावडा–मुंबई लोहमार्ग कोकण रेल्वेच्या कितीतरी आधीपासून आहे आणि दरेकसा स्टेशनवरून धबधबा चालत गाठता येतो. तरी आपण गाडीच काढतो.

आमगाव, सालेकसापर्यंत वाहनं विखुरलेली असतात; खरी अडचण शेवटच्या टप्प्यात होते. सगळे न्याहारी करून निघतात, दुपारच्या आत पोचतात आणि आल्या वाटेनेच परततात. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या एकाच जंगलरस्त्यावर समोरासमोर येतात, त्यात कडेला लावलेल्या गाड्या. हा रस्ता रुंद करा, अशी मागणी होते. पण वर्षातल्या मोजक्या सुट्ट्यांसाठी डोंगरातली झाडं तोडायची, हे मला मुळीच पटत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत पुढच्या वर्षी आणखी गाड्या येऊन उभ्या राहतील. त्यापेक्षा रेल्वे धरा: गोंदियाहून दरेकसा साधारण तासाभराचा प्रवास आहे. बहुतेक एक्सप्रेस तिथे थांबत नाहीत, म्हणून पॅसेंजर किंवा मेमू पकडावी लागते. आधी परतीच्या गाडीची वेळ बघा, मग जायची गाडी ठरवा.

गाड्या मोजक्या आहेत आणि मालगाडीला वाट देताना रखडतात, हा आक्षेप खरा आहे. पण उशीर झाला तरी रेल्वेत बसायला, उठायला जागा असते, चालवणाऱ्याचा जीव शिणत नाही. परतीच्या वेळेत तासाभराची सवड ठेवली की भागतं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं सोबत असतील तर मात्र गाडी न्यावी, पण भल्या सकाळी पोचून गर्दी वाढायच्या आत निघावं. हेही जमणार नसेल तर मधला वार बघावा. जिल्ह्यातल्याच नवेगावबांधला मात्र रेल्वेचा उपाय तितकासा लागू पडत नाही. तिथे एका दिवसात तलाव, इटियाडोह आणि प्रतापगड उरकायची घाई सोडून एकाच काठावर दिवस काढावा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्टेशनवरून जवळची वाट म्हणून रुळांवरून चालू नका. दरेकशाजवळ बोगदा आहे, वळणं आहेत, आणि पावसात गाडीचा आवाज उशिरा कळतो. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार असं चालणं गुन्हाही आहे. उतरल्यावर गावातल्या माणसाला रस्ता विचारा आणि त्याच रस्त्याने जा.