सरकारी कामाच्या बिलातली कपात : गेली किती, आपली किती?



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा आणि खताच्या हप्त्यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. आपल्या पुष्कळ सभासदांची मुले ट्रॅक्टर, जेसीबी घेऊन जिल्हा परिषदेची, पाटबंधारे व बांधकाम खात्याची छोटी कामे करू लागली आहेत. असेच एक सभासद मध्यंतरी गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, पोराचं पाच लाखाचं काम, त्यात पंचेचाळीस हजार कापले. हा धंदा काय परवडत नाही. ट्रॅक्टर विकून टाकतो." बिल समोर घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आले की कापलेल्या रकमेतले चाळीस हजार त्यांच्या मुलाचेच आहेत!

जीएसटी वगळून ५,००,००० रुपयांच्या त्या बिलात चार कपाती होत्या.

१) आयकर, ५,००० रुपये. ठेकेदाराच्या बिलातून आयकर कापण्याची पद्धत १९७२ पासून आहे. ठेकेदार एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के. हा कर आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो. वर्षाचा हिशेब करून देणे कमी निघाले, तर जादा रक्कम परत मिळते. पण त्यासाठी मुदतीत विवरणपत्र भरले पाहिजे. न भरणाऱ्याला कोणी घरी आणून देत नाही.

२) जीएसटीपोटी २ टक्के, १०,००० रुपये. करार अडीच लाखांवरचा असला की सरकारी खाते १ ऑक्टोबर २०१८ पासून ही कपात करते. ती जीएसटी पोर्टलवर आपल्या रोख खात्यात येते व पुढचा जीएसटी भरताना वापरता येते.

३) अनामत, २५,००० रुपये. हा कर नव्हेच. करारातील हमीची मुदत संपल्यावर अर्ज करून ती परत घ्यायची. या कामाला ५ टक्के होती. आपल्या करारात किती आहे ते वाचून घ्यावे.

४) बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, ५,००० रुपये. एवढेच परत येत नाहीत. म्हणून हा खर्च निविदेचा दर भरतानाच धरावा. मुरूम, वाळूच्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर तीही कापली जाते. तेव्हा पावत्या जपाव्यात.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्याने तो बंद पडला, तर आयकराची कपात १ ऐवजी २० टक्के होऊ शकते. म्हणजे याच बिलात ५,००० च्या जागी एक लाख! बिलाबरोबर मिळणारा जीएसटी हे आपले उत्पन्न नव्हे. तो ट्रॅक्टरच्या हप्त्यात घातला, तर भरायच्या वेळी सावकाराचे दार दिसते.

आणखी एक गैरसमज. "आम्ही शेतकरी, आम्हाला आयकर नाही," असे पुष्कळजण म्हणतात. उसाच्या बिलाला ते लागू आहे, ठेक्याच्या बिलाला नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा. ज्याला वह्या ठेवणे जमत नाही, अशा छोट्या ठेकेदाराला बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरण्याची सोय आहे. नफा जास्त झाला असेल तर तो जास्तच दाखवावा. नव्या, २०२५ च्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुन्या कागदावरचा क्रमांक धरून बसू नये, कर सल्लागाराला विचारावे.

कारखान्याचे बिल हातात पडले की सोसायटीची वसुली किती, हे आपण ओळीवर बोट ठेवून बघतो. सरकारी कामाचे बिलही तसेच बघा. खात्याकडून कपातीचा दाखला मागून घ्या, तो पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून पाहा आणि अनामतीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ट्रॅक्टर विकायचा विचार त्यानंतर करा.

— ऊस विकास अधिकारी