लिनक्सवर विंडो सिस्टिम बदलताना

पोरांनो, देवळाली प्रवरातून राहुरी-श्रीरामपूरला शिकायला जाता जाता तुम्ही घरच्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकायला शिकलात, याचा मला फार आनंद आहे. आता विचारता की, एक्स-११ सोडून वेलँड घ्यावं का? घ्या, पण सांगतो त्या क्रमाने घ्या.

आधी काय बदलताय ते समजून घ्या. पडद्यावर खिडक्या दाखवणं, माउस आणि कीबोर्डचा इशारा योग्य प्रोग्रामपर्यंत पोहोचवणं, हे विंडो सिस्टिमचं काम. एक्स १९८४ साली अमेरिकेत एमआयटीत सुरू झालं, त्याची अकरावी आवृत्ती १९८७ ची. वेलँडचं काम २००८ साली सुरू झालं. एक्सवर कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत टाइप केलेला पासवर्ड वाचू शकतो. वेलँड ते होऊ देत नाही. ज्या मशीनवर घरातले सगळे बँकेची कामं करतात, तिथे एवढं एक कारणही बदलायला पुरेसं आहे.

सध्या कशावर आहात ते पाहा. ग्नोम डेस्कटॉप असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट'च्या सिस्टिम तपशिलात 'विंडोइंग सिस्टिम'पुढे नाव लिहिलेलं असतं. उबुंटू २०२१ पासून वेलँड आधी देतं, म्हणजे कदाचित तुम्ही आधीच त्यावर असाल.

जुनं सेशन लगेच काढू नका. नवं घर बांधून होईपर्यंत जुनं पाडत नाहीत. लॉगिनच्या वेळी आपलं नाव निवडलं की कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह येतं. दोन्ही सेशन असतील तर तिथून हवं ते निवडता येतं. पडदा काळा राहिला तर घाबरून बटण दाबून मशीन बंद करू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. बहुतेक वेळा अक्षरी लॉगिन मिळतं आणि तिथून दुरुस्ती करता येते. ग्राफिक कार्ड जुनं एनव्हिडियाचं असेल तर ही तयारी आधीच ठेवा, अडचण तिथेच जास्त येते.

मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या. एक्समॉडमॅप वापरून कळा बदलल्या असतील, तर ती सोय वेलँडच्या प्रोग्राममध्ये चालत नाही. सेटिंगमधल्या कीबोर्डच्या पानावर मराठी इनस्क्रिप्ट जोडा. मग 'पुऱ्या', 'ॲप', 'कृषी', 'ज्ञानेश्वर', 'कार्यालय' हे शब्द ब्राउझरमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये आणि एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये लिहून पाहा. जुने प्रोग्राम एक्सवेलँडमार्फत चालतात, म्हणून ते वेगळे तपासायचे.

सेव्ह करायची सवय लावा. एक्सवर खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम कोलमडला तरी तो पुन्हा सुरू करता येतो, उघडं काम बहुधा वाचतं. ग्नोमच्या वेलँड सेशनमध्ये खिडक्या आणि पडदा दोन्ही एकाच प्रोग्रामकडे असतात. तो पडला की उघडं सगळं बंद होतं. लिब्रेऑफिसच्या पर्यायांमध्ये आपोआप जतन करण्याची वेळ दोन मिनिटांवर आणा. लाइट गेली तरी हीच सवय कामाला येते.

ऑनलाइन तासाला बसणार असाल तर आदल्या दिवशी स्क्रीन शेअर करून पाहा. वेलँडवर प्रोग्रामला पडदा परस्पर मिळत नाही, त्यासाठी तुमची परवानगी मागावी लागते. जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रामला ती मागता येत नाही आणि समोरच्याला काळा चौकोन दिसतो. प्रोग्राम नवा करा किंवा ब्राउझरमधून तास करा.

दोन-चार जीबी रॅमच्या मशीनवर मात्र वेलँडसाठी हट्ट धरू नका. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे डेस्कटॉप हलके आहेत, ते एक्सवर सुखाने चालू द्या.

शेवटचं, आणि हे नक्की पाळा. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातलं मशीन प्रवेशाच्या हंगामात बदलू नका. तिथे एखाद्या मुलाची शेवटची तारीख असते. आपल्या मशीनवर आठवडाभर रोजची सगळी कामं करा. टायपिंग, प्रिंट, स्क्रीन शेअर यातलं काही अडलं नाही, तरच बदल कायम करा आणि मग दुसऱ्याला सांगा.