आशियाई क्रीडास्पर्धा : यजमानपदाचा इतिहास आणि अर्थ

क्रीडास्पर्धांचा इतिहास सांगताना आपण बहुधा विजेत्यांची नावे आणि पदकांची संख्या सांगतो. यजमान देशाचा उल्लेख एका ओळीत उरकतो. वास्तविक यजमानाची परीक्षा पहिल्या शर्यतीच्या कितीतरी आधी सुरू होते. दार कोणासाठी उघडले आणि मैदान कोणाच्या श्रमातून उभे राहिले, हे प्रश्न त्या परीक्षेत असतात. आशियाई क्रीडास्पर्धांच्या इतिहासातील तीन प्रसंगांच्या आधारे त्यांचा विचार करू.

पूर्वपीठिका

आशियातील देशांनी एकत्र खेळावे ही कल्पना स्वातंत्र्यापूर्वीची आहे. १९१३ साली मनिला येथे सुदूर पूर्वेकडील देशांच्या स्पर्धा सुरू झाल्या. जपान आणि चीन यांच्यातील वैमनस्यामुळे १९३४ नंतर त्या बंद पडल्या. त्याच वर्षी दिल्लीत पश्चिम आशियाई स्पर्धा भरल्या. परंतु त्यांचीही परंपरा निर्माण झाली नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर एकामागून एक आशियाई राष्ट्रे स्वतंत्र होऊ लागली, तेव्हा प्रा. गुरुदत्त सोंधी यांनी संपूर्ण आशियासाठी एकच स्पर्धा असावी असा आग्रह धरला. त्यांच्या प्रयत्नांतून फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा महासंघ स्थापन झाला.

दिल्ली, १९५१ : उघडलेले दार

पहिली स्पर्धा १९५० साली व्हावयाची होती. तयारी अपुरी पडल्याने ती ४ ते ११ मार्च १९५१ या काळात झाली. ११ देशांचे ४८९ खेळाडू त्यात उतरले. या स्पर्धेतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे जपानचा सहभाग. युद्धामुळे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानला प्रवेश मिळाला नव्हता. १९५१ च्या मार्चमध्येही तो देश परकीय सैन्याच्या ताब्यातच होता. तरीही दिल्लीने जपानी खेळाडूंना बरोबरीचे पाहुणे मानले. पदकतालिकेत जपान पहिला आला आणि यजमान भारत दुसरा. पाहुण्याने आपल्याच मैदानावर आपल्याला हरवणे यात यजमानाचा पराभव नसतो, हा धडा नव्या राष्ट्राने पहिल्याच स्पर्धेत घेतला.

स्त्रियांसाठी मात्र हे दार अर्धेच उघडले होते. त्यांना केवळ मैदानी शर्यतींत आणि तत्सम प्रकारांत प्रवेश होता. तेवढ्या संधीतही मुंबईच्या रोशन मिस्त्री यांनी १०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले.

जकार्ता, १९६२ : बंद केलेले दार

चौथ्या स्पर्धेचा यजमान इंडोनेशिया होता. त्याने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेशपरवाने दिले नाहीत. सोंधींनी याला उघड विरोध केला. महासंघाच्या सभासदांना वगळून होणाऱ्या स्पर्धेला आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. परिणामी जकार्तातील भारतीय दूतावासावर जमावाने हल्ला केला. या तप्त वातावरणात भारतीय फुटबॉल संघाने अंतिम सामना जिंकला. महाराष्ट्राचे मल्ल गणपत आंदळकर आणि मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक पटकावले. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले. निमंत्रणाची यादी सत्तेच्या सोयीने ठरली की स्पर्धेचा पायाच ढासळतो, हे या प्रकरणातून दिसते.

दिल्ली, १९८२ : मैदान बांधणारे हात

१९ नोव्हेंबर १९८२ रोजी नवव्या स्पर्धेचे दिल्लीत उद्घाटन झाले. 'अप्पू' हत्ती, नवी क्रीडासंकुले, उड्डाणपूल आणि रंगीत दूरदर्शन हे अनेकांना आठवत असेल. त्या वास्तू उभारणाऱ्या मजुरांची आठवण क्वचितच निघते.

त्या वेळी किमान वेतन रोजी ९ रुपये २५ पैसे होते. ठेकेदार ते जमादारामार्फत, म्हणजे मुकादमामार्फत देत आणि जमादार त्यातून रोजचा एक रुपया कापून घेई. स्त्रियांच्या हाती सातच रुपये पडत, अशीही तक्रार होती. चौदा वर्षांखालील मुलेही कामावर असल्याचा आरोप होता. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांकडून पाहणी करवून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले.

उद्घाटनाला दोन महिने असताना, १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल लागला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी होय, असे न्यायालयाने म्हटले. उपाशी माणूस कमी मजुरी पत्करतो ती स्वेच्छेने नव्हे. दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच आहे, असे त्यामागील तत्त्व होते. बांधकाम हे धोक्याचे काम असल्याने अनुच्छेद २४ नुसार तेथे चौदा वर्षांखालील मूल ठेवता येणार नाही, असेही स्पष्ट झाले. मजूर ठेकेदाराचे आहेत, असे सांगून शासनाला जबाबदारी टाळता येणार नाही, हेही ठरले. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ आणि हे दोन्ही अनुच्छेद खासगी व्यक्तींवरही बंधनकारक आहेत, असे या निकालात नमूद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुद्यात आणलेली ही कलमे अशा रीतीने थेट क्रीडांगणाच्या पायापर्यंत पोहोचली.

आपल्यासाठी बोध

आंतरशालेय स्पर्धांचे यजमानपद निवासी शाळांकडेही येते. तेव्हा स्वागतकमान आणि चषक यांच्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. लहान वस्तीवरील शाळेला निमंत्रण वेळेवर पोहोचले का? मुलींसाठी तितकेच सामने आणि निवासाची योग्य सोय आहे का? मांडव घालणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्या बाईला आणि मैदान झाडणाऱ्याला पूर्ण मजुरी मिळाली का? ही उत्तरे होकारार्थी आल्यावरच उद्घाटनाची तारीख छापावी.