पट्ट्याखाली दोन बोटं

पोरी, समोरच्या गॅलरीतला कुत्रा परवापासून ओरडत नाही, बरं झालं, असं तू फोनवर म्हणालीस. मला नाही बरं वाटलं ते. भुंकणारा कुत्रा अजून कुणाकडून तरी काही मागत असतो. फाटकाची कडी वाजली तरी जो मान उचलत नाही, त्याच्याकडे आधी बघायचं.

बरगड्या सगळेच बघतात. पण म्हातारा कुत्रा, पिल्लांना पाजणारी कुत्री, आजारी जीव, हेही खंगतात; नुसत्या हाडांवरून कुणाला बोल लावू नकोस. नखं बघ. फिरणाऱ्याची नखं रस्त्यावर झिजतात, कायम बांधलेल्याची वाढून आत वळतात. साखळी पोचते तेवढी फरशी बघ. तिथेच घाण आणि तिथेच जेवण असेल, कुणी हात वर केला की पोट जमिनीला टेकवून तो आक्रसत असेल, तर समजून घे.

आणि मान. नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारी एक झिपरा कुत्रा होता. रोज पोळी घालायची मी त्याला, डोक्यावरून हात फिरवायची. एक दिवस वास आला म्हणून गळ्याचे केस बाजूला केले. पिल्लू असताना बांधलेला नायलॉनचा पट्टा तसाच होता, कुत्रा मात्र वाढला होता. पट्टा कातडीत रुतला होता, वरून मांस आलं होतं आणि आत अळ्या वळवळत होत्या. इतके महिने माझा हात त्याच्यापासून चार बोटांवर होता, ते अजून मला सलतं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, एवढं धरून ठेव. हे ओळखीच्या कुत्र्यापुरतं, तेही मालकासमोर. चावला किंवा ओरखडला तर जखम पंधरा मिनिटं साबणपाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टिनाखालच्या फरशीवर पालथा हात ठेवून बघ. पाच-सात सेकंद धरवत नसेल तर त्याचे पंजे भाजतात. जोराची धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या की सावलीत घे, पोटावर आणि पंजांवर साधं पाणी ओत, कूलरसमोर ठेव आणि दवाखाना गाठ. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली तर घाबरू नकोस. नसबंदी झाल्याची खूण असते ती.

तक्रारीआधी एकदा समोरच्यांच्या दाराशी जा. हातात मातीचं परळ ने. "काकू, स्टीलचं भांडं उन्हात तापतं, हे ठेवू का?" अशाने पुष्कळ जण ऐकतात, कित्येकांना खरंच कळत नसतं. नाही ऐकलं तर आपल्याच गॅलरीतून रोज एका वेळी फोटो काढ, तारीख-वेळ वहीत लिही. त्यांच्या घरात पाऊल टाकू नकोस. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 लिही. अपुरं अन्नपाणी, आखूड साखळी, एवढंच काय, कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, हे वाचून मला आजही संताप येतो. तरी अर्ज द्यायचाच, कारण दुसऱ्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो.

मारहाण डोळ्यांसमोर चालू असेल तर थेट 112 लाव. विष घातल्याचा संशय असेल तर ओकारी धुऊ नकोस, उरलेलं अन्न पिशवीत बांधून ठेव, कुत्रा मेला तर घाईने पुरू देऊ नकोस. शवविच्छेदन होऊ दे. विष घालून मारणं किंवा कायमचं जायबंदी करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

आज दिवेलागणीच्या आत गॅलरीत उभी राहा. नखं दिसतात का ते बघ आणि मला फोन कर. परळ मी तुझ्या दादासोबत पाठवते.