मुदतीचा अधिकार : मधु लिमये यांच्या चरित्रातील एक धडा

सार्वजनिक कामात अधिकाराची जागा दुसऱ्यांनी दिलेली असते आणि ती ठराविक मुदतीची असते. हे तत्त्व प्रत्येक संस्थेच्या घटनेत लिहिलेले आढळते. परंतु ते पाळण्यासाठी स्वतःचे नुकसान सोसणारी माणसे विरळा. अशा एका माणसाचे चरित्र आम्ही ह्या महोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते म्हणजे समाजवादी पुढारी मधु लिमये. लोधीपुऱ्यातील मराठी घरांना ते परके वाटण्याचे कारण नाही. त्यांचा पहिला तुरुंगवास शेजारच्या खानदेशात, धुळ्यास झाला. आणीबाणीतील दीर्घ बंदिवास तर मध्यप्रदेशातच घडला.

लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. १९३७ साली ते फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले व लौकरच काँग्रेस समाजवादी पक्षाच्या कामात शिरले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी युद्धविरोधी प्रचार केला, तेव्हा ऑक्टोबर १९४० मध्ये त्यांना पकडून सुमारे वर्षभर धुळ्याच्या तुरुंगात ठेवले. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत राहिले. सप्टेंबर १९४३ मध्ये सापडले आणि जुलै १९४५ पर्यंत स्थानबद्ध होते. दोन्ही वेळा खटला चालला नाही. चौकशीवाचून माणसास कोंडता येते ही गोष्ट त्यांना अशी तरुण वयातच अनुभवाने कळली.

१९५५ हे वर्ष त्यांच्या स्वभावावर विशेष प्रकाश टाकते. त्या वर्षी प्रजासमाजवादी पक्षातील वरिष्ठांवर त्यांनी उघड टीका केली. पक्षाने काँग्रेसशी सलगी करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या वादात मुंबईच्या पक्षशाखेने त्यांना निलंबित केले. त्याच वर्षाच्या जुलैत ते सत्याग्रही म्हणून गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारले, व डिसेंबरात न्यायासनाने बारा वर्षांची शिक्षा दिली. सुमारे एकोणीस महिन्यांनी, १९५७ साली, ते सुटले. आपल्या पक्षाशी आणि परक्या सत्तेशी एकाच वर्षी झगडणारा हा मनुष्य सर्वांना सोयीचा वाटणे शक्यच नव्हते.

१९६४ साली बिहारमधील मुंगेरच्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले. पुण्याच्या मराठी माणसास हिंदी मुलखाने निवडून द्यावे, ही गोष्ट आम्हां बऱ्हाणपूरकरांस मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी वाटते. सभागृहाच्या नियमांचा त्यांचा अभ्यास सखोल होता, आणि मंत्र्यांस अडचणीत आणण्यासाठी ते आरडाओरडीपेक्षा नियमांवर अधिक भिस्त ठेवीत.

कायद्याची हीच कास त्यांनी तुरुंगातही सोडली नाही. नोव्हेंबर १९६८ मध्ये बिहारातील लखीसराय रेल्वे स्टेशनावर त्यांना व त्यांच्या सोबत्यांना अटक झाली. तेव्हा त्यांनी तुरुंगातून सुप्रीम कोर्टास पत्रानेच अर्ज केला. अटक केलेल्या माणसास अटकेची कारणे शक्य तितक्या लौकर सांगितली पाहिजेत, असे राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते. ती सांगितली गेली नव्हती, म्हणून कोर्टाने त्यांना मुक्त केले. हा निकाल पुढे सामान्य नागरिकांच्याही उपयोगी पडला. मात्र फौजदारी कायद्याचे १४४ वे कलम घटनाबाह्य आहे, हा त्यांचा वाद सुप्रीम कोर्टाने १९७० मध्ये मान्य केला नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी पुकारण्यात आली. लिमये त्या वेळी बिहारमधील बांका मतदारसंघाचे खासदार होते. मिसा कायद्याखाली त्यांना पकडून नरसिंहगड वगैरे मध्यप्रदेशातील तुरुंगांत ठेवले. ही स्थानबद्धता फेब्रुवारी १९७७ पर्यंत चालली. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. निवडणूक घेण्याऐवजी संसदेने कायदा करून ती एक वर्षाने वाढविली. तेव्हा लिमये यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जबलपूरहून निवडून आलेले तरुण खासदार शरद यादव यांनीही तेच केले. विरोधी पक्षांतील बहुतेकांनी जागा सोडल्या नाहीत. बंदिवान खासदाराच्या राजीनाम्याने सरकार हलणार नव्हते, हे खरे. पण मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेली जागा सहाव्या वर्षी आपली राहत नाही, हा हिशेब त्यांनी स्वतःपासून मांडला.

येथेच थांबलो तर चरित्र गोड होईल, पण पुरे होणार नाही. १९७७ साली जनता पक्ष सत्तेवर आला. लिमये यांनी मंत्रिपद घेतले नाही. ते पक्षाचे सरचिटणीस झाले. पुढे दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. जनता पक्षाच्या सभासदाने राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही बांधलेले असू नये, असा लिमये यांचा आग्रह होता. तर संघ ही सांस्कृतिक संस्था असल्याने हरकतीला जागा नाही, असे जनसंघातून आलेल्या मंडळींचे म्हणणे होते. ह्या वादाने आणि पुढाऱ्यांच्या परस्पर स्पर्धेने पक्ष फुटला. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार गेले, आणि जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. त्या निवडणुकीत लिमये स्वतःही हरले.

त्यांचाच मापदंड त्यांना लावून पाहू. मुदत उलटल्यावर बसून राहणे हा दोष असेल, तर पाच वर्षांसाठी निवडलेले सरकार अडीच वर्षांच्या आत मोडण्यास हातभार लावणे निर्दोष कसे? त्यांच्या बाजूने असे म्हणता येईल, की आपल्या प्रतिनिधीची निष्ठा कोणाशी आहे हे जाणण्याचा मतदारास हक्क असतो, आणि हा प्रश्न झाकून ठेवलेली एकी टिकली नसती. आमच्या मते प्रश्न रास्त होता. पण तो सत्ता हाती घेण्यापूर्वी सुटावयास हवा होता. पक्ष घाईने एकत्र आले, आणि त्या घाईची किंमत मतदारांनी मोजली.

१९८२ मध्ये लिमये सक्रिय राजकारणातून निवृत्त झाले व लेखनात रमले. जनता पक्षाच्या प्रयोगावर त्यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन घेतली नाही आणि माजी खासदाराचीही नाही. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आमच्या ट्रस्टच्या सभासदांना ह्या चरित्रातून दोन गोष्टी घेता येतील. मुदत संपली म्हणजे कोणी सांगण्याची वाट न पाहता जागा मोकळी करावी. आणि मतभेद असेल तर तो एकत्र काम सुरू करण्यापूर्वी, वार्षिक सभेत, सर्वांसमक्ष बोलून घ्यावा. पहिली गोष्ट लिमये यांनी करून दाखविली. दुसरी त्या काळच्या साऱ्याच पुढाऱ्यांकडून राहून गेली. ती आपल्याकडून राहू नये.