फिटरच व्हायचंय!

आयटीआयत फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून चोवीस वर्षं काढली. त्यातून पटलेल्या पाच गोष्टी.

१. मुलाची मान ताठ करा.
‘दहावीला कमी पडले, म्हणून इथं टाकलं,’ असं पालक मुलाच्या देखत सांगायचे. तो खाली बघत उभा. पुढे मी प्रवेशाच्या दिवशीच पालकांना वर्कशॉपमध्ये न्यायला लागलो. व्हर्निअरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजता येतो, हे पाहिल्यावर त्यांचा सूर बदलायचा.

२. लोखंड वेळेवर द्या.
एका वर्षी कच्चा माल दोन महिने आलाच नाही. मी फळ्यावर शिकवलं, मुलांनी पाठही केलं. पण कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा आणि मागे घेताना सोडायचा, हे हाताला कळतं, वहीला नाही. ट्राय स्क्वेअर लावून जॉब उजेडापुढे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. असे दहा-वीस जॉब बिघडल्याशिवाय हात बसत नाही. ते बिघडवायचं लोखंड सरकारनं खर्चात धरलंच पाहिजे.

३. शिकाऊ उमेदवाराला कामच शिकवा.
१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. पण माझा एक चांगला विद्यार्थी वर्षभर नुसती खोकी भरत राहिला. तेव्हापासून मी मुलांच्या डायऱ्या दरमहा तपासू लागलो. उमेदवार किती घेतले याबरोबर ते काय शिकले, हेही तपासायला हवं.

४. निदेशकाला कारखान्यात पाठवा.
सीएनसी मशीन मी पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्याच जुन्या विद्यार्थ्याकडून शिकलो. त्या पंधरा दिवसांनी माझं शिकवणं बदललं. अशी संधी प्रत्येक निदेशकाला ठरावीक वर्षांनी मिळावी.

५. सुरुवात शाळेत करा.
शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं वेल्डिंग, वीज, शेती ही कामं गावाच्या गरजेसाठी करत शिकतात. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांमध्येही गेला. आठवीपासून आठवड्यातला एक दिवस प्रत्येक मुलामुलीच्या हातात अवजार आलं, तर कल दहावीच्या आधीच कळेल. मग आयटीआयच्या दारात तो मुलगा मार्कांमुळे येणार नाही. ‘सर, मला फिटरच व्हायचंय,’ असं सांगत येईल.