पाटी आहे, नोंदणी कुठाय?

प्रश्न : आमच्या कॉलनीत एका गृहस्थांनी ‘सायकॉलॉजिस्ट व काउन्सेलर’ अशी पाटी लावली आहे. मुलांच्या अभ्यासापासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळ्यावर ते उपाय सांगतात. चौकशी केली तेव्हा काही महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केल्याचं कळलं. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. मनाचे उपचार करणाऱ्याला काहीच लागत नाही का? आणि विनापरवाना काम केलं तर शिक्षा काय? — एक पालक, सांगली

उत्तर : लागतं, पण सगळ्यांना सारखं नाही. पाटीवर काय लिहिलं आहे आणि दाराआड प्रत्यक्ष काय चालतं, या दोन गोष्टींवर शिक्षा ठरते.

सर्वांत स्पष्ट बंदी ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’च्या कामाबाबत आहे. 1992 च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने या व्यवसायाला पुनर्वसन व्यावसायिकांच्या यादीत घातलं. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय देशात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही, त्या नात्याने प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. नोंदणीसाठी परिषदेने मान्य केलेली पात्रता हवी. आजवरची रूढ वाट म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यावर रुग्णालयात देखरेखीखाली प्रशिक्षण घेत केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. नुसत्या एम.ए.वर हे पद लावता येत नाही, मग काही महिन्यांच्या कोर्सची गोष्टच सोडा.

ही बंदी मोडणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद, किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हजाराचा आकडा छापताना चुकलेला नाही. पुण्या-मुंबईत अनेक ठिकाणी एका तासाची फी त्याहून जास्त असते. शिवाय फसलेल्या माणसाला या कायद्याखाली थेट कोर्टात जाता येत नाही. परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी तक्रार केली, तरच कोर्ट गुन्ह्याची दखल घेतं. म्हणून तुमची तक्रार आधी परिषदेकडे जायला हवी.

तुमच्या शेजाऱ्यांच्या पाटीवर मात्र ‘क्लिनिकल’ नाही, आणि खरी मोकळीक तिथेच आहे. साधा ‘काउन्सेलर’ म्हणवून घेणाऱ्यावर 1992 चा कायदा बोट ठेवत नाही. ही फट बुजवण्यासाठी 2021 मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आहेत, समुपदेशकांचे काही प्रकारही आहेत. नोंद नसताना ती असल्याचं भासवणं हा त्याखाली गुन्हा आहे. पण राज्यांच्या परिषदा आणि नोंदवह्या उभ्या राहण्याचं काम संथ गतीने चाललं आहे. नोंदवहीच तयार नसेल, तर कोणाचं नाव तिच्यात नाही हे दाखवायचं कसं?

समुपदेशनाची हद्द ओलांडली की कायदा कडक होतो. झोपेची किंवा नैराश्याची गोळी लिहून देणं हे नोंदणीकृत डॉक्टरचं काम. ते कोणी विनानोंदणी केलं, तर 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली 1 वर्षापर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनोरुग्णांना किंवा व्यसनी माणसांना ठेवून घेणारं केंद्र नोंदणीविना चालवलं, तर 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागतो. पहिल्या वेळी 5,000 ते 50,000 रुपये, दुसऱ्या वेळी 2 लाखांपर्यंत आणि त्यानंतर 5 लाखांपर्यंत दंड. केंद्राची नोंदणी नाही हे माहीत असूनही तिथे काम करणाऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकालाही 25,000 रुपयांपर्यंत भुर्दंड बसतो.

अंगात आलंय, बाहेरचं लागलंय असं सांगून मनोरुग्णाला मारहाण करणारा भगत मानसशास्त्राचा दावा करत नाही, पण तोही सुटत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याच्यासाठी 6 महिने ते 7 वर्षे कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे.

खोट्या पदव्या दाखवून पैसे उकळले असतील, तर हजाराच्या दंडावर समाधान मानायचं कारण नाही. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देता येते. भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरीच्या फसवणुकीला 5 वर्षांपर्यंत, तर फसवून पैसे काढून घेण्याला 7 वर्षांपर्यंत कैद आहे. फी परत हवी असेल किंवा नुकसानभरपाई मागायची असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार वेगळं आहे. त्यासाठी फीची पावती, पाटीचा आणि जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सल्ले जपून ठेवा.

आता शेजाऱ्यांबद्दल. धीर देणं, ऐकून घेणं, अभ्यासाचं वेळापत्रक आखून देणं एवढंच ते करत असतील, तर आज त्यांना तुरुंगात धाडणं अवघड आहे. पण ते चाचण्या घेऊन मुलाला आजाराचं नाव चिकटवत असतील, अहवालावर सही करत असतील किंवा घरात चालू असलेली औषधं बंद करा म्हणत असतील, तर दोनच प्रश्न विचारा : नोंदणी क्रमांक काय, आणि कोणत्या परिषदेचा? पुनर्वसन परिषदेची नोंदवही संकेतस्थळावर पाहता येते. ज्याची नोंद खरी आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत मुलाची चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.